मदत हवी आहे: स्वस्त घडीच्या चाकूंचा संग्रह होत चाललाय, पुढची दिशा आणि पावसाळ्यातली निगा

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बागेत चाकू दिवसभर लागतो. पोत्याची सुतळी कापा, ठिबकची नळी कापा, झाडाचे पाणसोट (फळ न देणारे जोमदार फुटवे) काढा, फळ आडवं कापून रस पाहा. घरात विळी, विळे, खुरपी, कोयता सगळं आहे, पण खिशात मावणारी धार ही वेगळीच सोय. त्या सोयीतून मला घडीच्या चाकूंचा नाद लागला. आता जाणत्यांना विचारल्याशिवाय यात आणखी पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं आहे. कोणी चाकू जमवणारं, पोलादातलं कळणारं किंवा लोहारकाम जवळून पाहिलेलं असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

सुरुवात बहिरमच्या यात्रेत झाली. अडकित्ते आणि विळ्या मांडलेल्या एका दुकानात लाकडी मुठीचा, पितळी खिळ्यांचा चाकू शंभराच्या आत मिळाला. लॉक नाही, पाठीतल्या पट्टीच्या दाबावर पातं उघडं राहतं. कापायचा छान, पण ठिबकच्या नळ्या कापल्या की संध्याकाळपर्यंत धार उतरायची. मग धार टिकते कशावर, हा प्रश्न डोक्यात बसला. दुसरा वरुडच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला, स्टेनलेसचा. तो गंजायचा नाही, पण दगडावर कितीही घासला तरी पहिल्यासारखी धार घ्यायचा नाही. तिसरा ऑनलाइन मागवलेला चिनी. आत लायनर लॉक (उघडं पातं अडवून धरणारी मुठीतली पट्टी) आणि पात्यावर कोरलेलं ‘८सीआर१३एमओव्ही’. हे काय म्हणून शोधलं तर कळलं की नावातच घटक दिलेत: साधारण ०.८ टक्के कार्बन, १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. तिथून मी पाती वाचायला लागलो.

माझं पक्कं मत झालंय की या नादाला स्वस्त चाकूच लावतात. पाच हजारांचा चाकू माणूस कपाटात जपून ठेवेल. दीडशेचा तो बागेत नेतो, दगडावर घासून पाहतो, खिळा सैल झाला तर पुन्हा ठोकतो, चुकून पाटात पडला तरी जीव तुटत नाही. वापरल्यामुळे त्यातला कमीपणा कळतो आणि पुढचा चाकू तो कमीपणा भरून काढायला घरात येतो. माझ्याकडचा प्रत्येक चाकू असा आधीच्या चाकूने टाकलेल्या प्रश्नापायी आलाय. आता लोखंडी पेटी भरत आली आहे आणि तिच्याकडे पाहिलं की मला मनापासून आनंद होतो.

या सगळ्यांत लाडका आहे आठ नंबरचा ओपिनेल. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९०च्या सुमारास हा चाकू केला, तिकडच्या कास्तकारांसाठी आणि कामकऱ्यांसाठी. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि १९५५पासून पात्याच्या मुळाशी फिरणारी पोलादी कडी, जी फिरवली की पातं जागचं हलत नाही. इतकी साधी रचना की पाहत राहावी. माझा कार्बन पोलादाचा आहे. संत्रं कापून तसाच ठेवला तर रसाच्या आम्लाने पात्यावर निळसर करडे ढग उमटतात. दर हंगामात ते गडद होत जातात, आणि मला ते खूप आवडतात.

आणि एक चाकू असा आहे, जो माझ्याकडे नाही. शेंदुरजनाघाटच्या एका रोपवाटिकेत डोळे भरणाऱ्या (म्हणजे कलमं बांधणाऱ्या) एका काकांच्या हातात तो पाहिला. लोहाराकडून यंत्राच्या करवतीच्या पानाचा करून घेतलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाजवून पाजवून पातं निम्म्यावर आलंय. लिंबाच्या जातीतल्या जंबेरीच्या खुंटावर काकांनी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर दिली, पात्याच्या बोथट टोकाने साल अलगद उचलली, संत्र्याचा डोळा आत सरकवला आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळली. मी नीट पाहीपर्यंत त्यांनी पुढचा खुंट धरला होता. डोळ्यामागे लाकडाचा कणही नव्हता, जणू साल आपणहून सुटली असावी. माझ्या पेटीतला एकही चाकू ते काम करू शकणार नाही. तेव्हापासून मी अडलो आहे.

तर मदत हवी आहे ती अशी. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, आणि जुलैत ओपिनेलची मूठ फुगून पातं आत घट्ट बसतं, नखाने निघत नाही. मूठ तासून घ्यावी की दुसरा उपाय आहे? कार्बनच्या पात्यांवर पावसाळ्यात तांबडे ठिपके येतात, ते काळ्या ढगांसारखे सोडून द्यायचे की घासून काढायचे? स्वस्त चाकूवर कोरलेल्या पोलादाच्या नावावर किती विश्वास ठेवावा? चाकू खिशात घेऊन एसटीने नागपूरला गेलो तर कायद्याने काही अडचण येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता स्वस्त चाकू थांबवून साठवलेल्या पैशांत एखादा भारी विदेशी चाकू घ्यावा, की संग्रहाला दुसरं काही वळण द्यावं?

सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

प्रतिसाद – धातुवेडा

धागा आवडला. पोलादाचं आधी सांगतो, कारण फसवणूक तिथेच होते. पात्यावर नुसतं ‘४४०’ (स्टेनलेसचा एक प्रकार) लिहिलं असेल तर ते ए, बी की सी हे विचारा. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, ४४०ए मध्ये पाऊण टक्क्याच्या आत. अक्षर गाळलं असेल तर हलका प्रकार धरून चला. ‘डी२’ लिहिलेला चाकू पूर्ण स्टेनलेस समजू नका. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी दीड टक्का कार्बन त्यातलं बरंच अडकवून ठेवतो आणि गंज रोखायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. पण नावापेक्षाही पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून बुडवून पातं कसं कडक केलंय, याला जास्त किंमत आहे. साध्या पोलादाला नीट पाणी दिलेलं पातं, भारी पोलादाच्या बिघडलेल्या पात्यापेक्षा सरस चालतं. घरच्या घरी पाहायचं तर नवी बारीक कानस पात्याच्या पाठीवर हलकी फिरवा. कानस घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. काही पात्यांची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणून मुळाशी, धारेच्या जवळही एकदा पाहा.

काळे ढग राहू द्या. तो आम्लाने तयार झालेला थर आहे, तांबड्या गंजाला तो थोडा आडवा येतो. तांबडा ठिपका मात्र राहू देऊ नका, तो खाली खड्डा पाडतो. बारीक स्टील वूलला तेल लावून तेवढीच जागा घासा. नंतर पातं कोरडं करून मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन पुसटसं लावा. खायच्या वस्तू कापता, म्हणून मशीनच्या तेलापेक्षा ते बरं. आणि चाकू चामड्याच्या म्यानात घालून पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

धार लावायला फिरत्या चाकावर देऊ नका. पात्याची कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं समजा. कार्बोरंडमचा दुतर्फी दगड आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर चार हात, एवढं पुरतं.

प्रतिसाद – सुलभा_आर्वी

दादा, मूठ तासू नका! उन्हाळ्यात ती सैल होईल, मग काय कराल? माझे वडील सुतार होते, औजारांच्या दांड्यांना ते जवसाचं तेल द्यायचे. तेच करा. मे महिन्यात, लाकूड अगदी कोरडं असताना, चाकूचं सांध्याकडचं टोक घाण्याच्या जवस तेलात रात्रभर बुडवून ठेवा, मग पुसून आठ-पंधरा दिवस सावलीत वाळू द्या. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, त्यामुळे लाकूड नंतर ओल कमी ओढतं. याच गुणामुळे ते पात्याच्या खिळ्याभोवती साचू देऊ नका, चिकट होऊन पातं जड फिरेल. करडईच्या तेलाचंही तसंच.

एक गोष्ट फार महत्त्वाची. जवस तेलाने पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हात तर अजिबात नको. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आणि अडकलेलं पातं काढायला मुठीचं मागचं टोक लाकडी पाटावर ठोकायचं, कडी उघडी ठेवून. पातं नखाने धरण्याएवढं वर येतं. तिकडे सॅव्हॉयमध्येही असंच करतात असं वाचलं आहे.

प्रतिसाद – कोर्टकचेरी

कायद्यापुरतं बोलतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्याच्या संदर्भात धारदार शस्त्रांचा जो प्रकार दिला आहे, त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमचे सगळे चाकू या मापाच्या बरेच आत आहेत. तरी हे लक्षात ठेवा की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणूक अशा वेळी हत्यारं घेऊन फिरायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि त्यात चाकूही येतो. म्हणून नागपूरला जाताना कामाशिवाय खिशात नेऊ नका. दुरुस्तीला किंवा कोणाला दाखवायला नेत असाल तर गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानातच टाकावा लागतो.

प्रतिसाद – परतवाड्याचा_बाप्या

भाऊ, विदेशी चाकू काऊन घेता? थे कधीही भेटते, पैसे असले की भेटते. डोळे भरनाऱ्या मानसाचा चाकू पैशानं नाही भेटत, थो त्याच्या हाताले बसलेला असते. माह्या आज्याजवळ असाच एक होता, निंबाच्या मुठीचा. आज्या गेला अन् चाकूही गेला, कोनी ठेवला नाही. तुमी ठेवा ना! डोळे भरनाऱ्याचा, बुरडाचा बांबू सोलाचा, पानवाल्याचा पान कातराचा, चांभाराची रापी, असं एकेक जमवा. जुनं मागू नका, त्याचं काम अडते. लोहाराले सांगून तसाच नवा करून घ्या, अन् कोनासाठी, कायसाठी केला थे वहीत लिहून ठेवा. लोहार मानसं आता गावागावात कमी राह्यली. त्यायच्या हातालेही काम भेटते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. सुलभाताई, चिंधीचं मला खरंच माहीत नव्हतं, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. धातुवेडा, कानस आणून पेटीतले सगळे चाकू तपासतो आणि कोणता कुठे चावला ते इथेच लिहितो.

परतवाड्याच्या भाऊंनी जे लिहिलंय ते थेट मनाला लागलं. विदेशी चाकूचे पैसे आता लोहाराकडे जातील. शेंदुरजनाघाटच्या काकांना विचारलं. त्यांनी स्वतःचा चाकू कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून दिला, आणि पात्याची खरी रुंदी किती होती तेही बाजूला रेघ मारून दाखवलं. लोहार तयार आहे, पण करवतीचं पान सध्या त्याच्याकडे नाही, जुन्या ट्रकच्या कमानपट्टीचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा आहे.

म्हणून आता एवढंच विचारायचं आहे, धातुवेडा किंवा आणखी कोणीही सांगा. साल उचलण्याइतकं पातळ पातं कमानपट्टीतून काढलं तर पाणी देताना वाकेल का? तेलात बुडवावं हे मी ऐकून आहे, पण किती तापवायचं ते लोहार रंगावरून ठरवतो आणि भरदुपारी उन्हात काम करतो, तिथे रंग नीट दिसत नाही. चुंबक चिकटायचं थांबलं की तापमान पुरेसं झालं, असं धरून चालेल का?