एकावर एक ब्लॉक असले की एफबीडी कशी काढायची? फ्रिक्शनची दिशाच कळत नाही

अकरावी_सायन्स
एकट्या ब्लॉकची एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरचे सगळे फोर्स बाणांनी दाखवणारं चित्र) मला नीट जमते, पण दोन ब्लॉक एकमेकांना लागून आले की सगळा गोंधळ होतो. गणित असंय, खाली ३ किलोचा ब्लॉक, त्यावर २ किलोचा, जमीन एकदम गुळगुळीत, दोघांच्या मधे म्यू (फ्रिक्शनचा गुणांक) ०.५, आणि खालच्याला २० न्यूटनने उजवीकडे ओढलंय. जी (गुरुत्वत्वरण) १० धरायचा. आता वरच्या ब्लॉकवर ते २० न्यूटन दाखवायचे का? कारण तोही पुढे जातोच ना. फ्रिक्शन गतीच्या उलट असतं म्हणतात, मग वरच्यावर ते डावीकडे यायला हवं, पण तसं असेल तर त्याला पुढे नेतंय कोण? आणि खालच्यावर वरच्याचं वजन दाखवायचं, नॉर्मल (पृष्ठभागाला लंब लागणारा फोर्स) दाखवायचा, की दोन्ही? नुसतं उत्तर नको, पद्धत सांगा प्लीज.

यंत्रवेडा
तू विचारलंस ना "पुढे नेतंय कोण", तोच प्रश्न प्रत्येक बाणाला विचारायचा: हा फोर्स कोण लावतंय आणि कोणावर लावतंय. देणारा सापडला नाही तर तो बाण खोडायचा.

वरचा ब्लॉक घे. त्याला स्पर्श फक्त खालच्या ब्लॉकचा आहे आणि दुरून ओढणारी फक्त पृथ्वी, म्हणून त्याच्यावर तीनच बाण येतात: पृथ्वीचे २० न्यूटन खाली, खालच्या ब्लॉकचा नॉर्मल २० वर, आणि खालच्याच ब्लॉकचं फ्रिक्शन. दोरी त्याला लागलेलीच नाही त्यामुळे ओढण्याचे २० न्यूटन त्याच्या चित्रात येतच नाहीत. आडवा फोर्स एकच उरला, फ्रिक्शन, आणि ब्लॉक तर उजवीकडे वेग घेतोय, म्हणजे फ्रिक्शन उजवीकडेच असणार. "गतीच्या उलट" हे वाक्य अर्धवट आहे, फ्रिक्शन दोन पृष्ठभागांमधल्या सापेक्ष घसरण्याच्या उलट असतं. मधे फ्रिक्शन नसतं तर वरचा जागेवरच राहिला असता, म्हणजे खालच्याच्या तुलनेत मागे पडला असता, म्हणून ते त्याला पुढे ढकलतं.

खालच्यावर पाच बाण: पृथ्वीचे ३० खाली, वरच्या ब्लॉकचा नॉर्मल २० खाली, जमिनीचा ५० वर, दोरीचे २० उजवीकडे, आणि वरच्याचं फ्रिक्शन डावीकडे. वरच्याचं वजन इथे येत नाही कारण ते पृथ्वी वरच्यावर लावते, खालच्यावर नाही.

अकरावी_सायन्स
हे भारी आहे, चित्र आता डोळ्यासमोर येतंय. पण वजन २० आणि नॉर्मलही २०, मग काहीही लिहिलं तरी काय फरक पडतो? आणि फ्रिक्शन म्यू गुणिले नॉर्मल म्हणजे १० घेऊ ना?

रेषा_आणि_बाण
फरक पडतो! हेच दोन ब्लॉक वरच्या दिशेने २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असलेल्या लिफ्टमधे ठेव. वरच्याचं वजन २०च राहील पण नॉर्मल २ गुणिले १२ म्हणजे २४ होईल, आणि खालच्याला दाबणारे ते २४ असतील. वजन आणि नॉर्मल ही ॲक्शन-रिॲक्शनची जोडी नाहीच, दोन्ही एकाच ब्लॉकवर लागतात. जोडीतले फोर्स कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढते आणि एका चित्रातला नॉर्मल किंवा फ्रिक्शन दुसऱ्यात उलट दिशेने आणि तेवढाच आहे का ते ताडून बघते.

आता फ्रिक्शन. १० ही वरची मर्यादा झाली, घसरत नसेल तर लागेल तेवढंच येतं. आधी घसरत नाही असं धरून दोघांची मिळून एकच एफबीडी काढ, त्यात आतले फोर्स एकमेकांना खातात, आडवे फक्त २० उरतात, वस्तुमान ५, म्हणून त्वरण ४. मग वरच्याची वेगळी काढ, कारण मधला फोर्स सुटी एफबीडी काढल्याशिवाय हाती लागत नाही: फ्रिक्शन २ गुणिले ४ म्हणजे ८. दहाच्या आत आहे, धरलेलं बरोबर. खालच्यावर पडताळा, २० वजा ८ बारा, भागिले ३ चार.

थेट १० घातले असते तर वरचा ५ ने आणि खालचा ३.३३ ने जाताना दिसला असता, म्हणजे फ्रिक्शनच ज्याला ओढतंय तो ओढणाऱ्याच्या पुढे पळतोय, हे शक्यच नाही.

यंत्रवेडा
यात एक भर घालतो. तेच २० न्यूटन आता वरच्या ब्लॉकला लाव. न घसरता जायचं तर त्वरण ४ हवं, म्हणजे खालच्याला फ्रिक्शनकडून १२ लागणार, पण मिळतात जास्तीत जास्त १०. म्हणून घसरतं, आणि घसरतानाचा म्यूही ०.५ धरला तर वरचा ५ ने, खालचा ३.३३ ने जातो. आकडे तेच आले, पण इथे ते चालतात, कारण वरचा खरंच पुढे घसरतोय आणि त्याच्यावरचं फ्रिक्शन डावीकडे आहे. दोन्ही केसच्या एफबीडी स्वतः काढून बघ आणि वरच्या ब्लॉकवर यावेळी चार बाण येतात का ते मोज.