गुगलशिवायच्या फोनला भवितव्य आहे का? की बँकेचं ॲपच त्याचा निकाल लावणार?

निळी शाई

दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पिक्सेल फोन घेतला आणि त्यावर ग्राफीनओएस टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइडचा एओएसपी नावाचा खुला सोर्स घेऊन, गुगलच्या सेवा न घालता, सुरक्षा आणखी घट्ट करून बनवलेली ही सिस्टीम. प्ले सर्व्हिसेस (गुगलची सेवा, जिच्यावर बरीच ॲप अवलंबून असतात) लागलीच तर टाकता येते, पण ती इतर ॲपसारखीच कुंपणात राहते. लोकेशन, कॉन्टॅक्ट आपण दिले तरच तिला मिळणार. दोन वर्षं सुखात गेली. नकाशे, कॅमेरा, सोसायटीच्या ग्रुपवरची पार्किंगची भांडणं, सगळं चालू होतं.

गेल्या महिन्यात माझ्या बँकेचं ॲप अपडेट झालं आणि उघडायलाच तयार नाही. "आपले उपकरण सुरक्षित नाही." शाखेत गेलो. मॅडमनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "घरात दुसरा कुणाचा फोन नाही का?"

यामागे गुगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी आहे. ॲप गुगलला विचारतं, हा फोन ठीक आहे का? आणि गुगल पाहतं, याच्यावर आमचा शिक्का आहे का. ज्याला तीन-चार वर्षं सुरक्षा अपडेटच आलेला नाही असा जुना फोनसुद्धा यातल्या मधल्या पातळीवर पास होतो. अपडेट अगदी ताजा असला तरी माझा नापास! सर्वात कडक पातळीला २०२५ पासून वर्षभराच्या आतला अपडेट लागतो, पण ती पातळी लावली तर निम्मे ग्राहक बाहेर जातील, म्हणून मधलीवरच भागवतात.

या सिस्टीम कोड कमी पडला म्हणून मरणार नाहीत, या दारात अडकून मरतील, असं माझं मत झालंय. शिव्या घालायच्या असतील तर मुद्द्याला घाला.

तिरकस

गुगलपासून सुटका हवी म्हणून गुगलचाच फोन विकत घ्यायचा. सासरच्यांना कंटाळून दिराच्या घरी राहायला जाण्यासारखं आहे हे.

निळी शाई

हसलो. पण कारण आहे. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) उघडून दुसरी सिस्टीम टाकायची आणि मग आपल्या डिजिटल चावीने तो पुन्हा बंद करायचा, ही सोय पिक्सेल नीट देतो. बाकी बऱ्याच कंपन्यांच्या फोनचा बूटलोडर एक तर उघडतच नाही, किंवा उघडला की कायमचा सताड उघडा. शिवाय पिक्सेल ८ पासून सात वर्षं अपडेट. दुसऱ्या एका मोठ्या मोबाइल कंपनीबरोबर काम सुरू असल्याचं ग्राफीनवाल्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं होतं, म्हणजे दिराचं घरही कायमचं नाही.

बँकबाबू

असहमत. मी एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी रडत येतं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडली, ती निघाली एपीके, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल. किंवा "आरटीओ चलान" नावाची फाइल. त्या ॲपला एसएमएसची परवानगी मिळाली की ओटीपी तिकडे आणि पैसे गायब. दुसरीकडे भाड्याच्या खात्यांवर पैसे फिरवणारी मंडळी रूट केलेले (सिस्टीमचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेतलेले) फोन वापरतात, लोकेशन बनावट दाखवतात. सर्व्हरवरून पाहिलं तर तुमचा फोन आणि त्यांचा फोन, दोन्ही "शिक्का नसलेले". मी फरक कसा करायचा?

आणि पैसे गेले की ग्राहक ग्राफीनच्या टीमकडे जात नाही, आमच्या काउंटरवर येतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर टाकायचा नाही. मग आम्ही दार घट्ट लावलं तर आमचं काय चुकलं?

निळी शाई

बाबू, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. ती लग्नपत्रिका ज्यांच्या फोनवर उघडली, ते फोन कोणते होते? साधे, दुकानातून घेतलेले, शिक्का असलेले. सगळे या तपासणीत पास झालेले. ओटीपी त्याच फोनवरून गेले ना?

फरक करायची सोय अँड्रॉइडमध्येच आहे, तिला हार्डवेअर ॲटेस्टेशन म्हणतात. फोनमधली चिप सही करून सांगते की बूटलोडर बंद आहे, आणि ही सिस्टीम अमुक चावीने प्रमाणित आहे. ग्राफीनने आपल्या चाव्या जाहीर केलेल्या आहेत. बँकेने त्या यादीत घातल्या की माझा फोन ओळखता येतो आणि रूट केलेला बाहेर राहतो. गुगलला मध्ये घ्यायची गरजच नाही.

बँकबाबू

तांत्रिकदृष्ट्या मान्य. पण "बँकेने" म्हणजे कोणी? आमचं ॲप आम्ही लिहीत नाही. ते व्हेंडरकडून तयार येतं, वर आमचा लोगो चिकटतो. ऑडिटर येतो, त्याच्या यादीत "रूट डिटेक्शन आहे का" असा रकाना असतो, त्यात टिक हवी. चाव्यांची यादी ठेवायची, बदलली की अद्ययावत करायची, हे काम हजारात एका ग्राहकासाठी कोण करणार? हजारातही नसेल.

मोडतोड

चर्चा फार वरच्या मजल्यावर चाललीय. पिक्सेल ९ए भारतात आला तो ४९,९९९ रुपयांना. आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दहा-बारा हजारांचा फोन पाच वर्षं वापरतं. त्याच्यासाठी लिनिएजओएस आहे, जुन्या फोनवरही चालणारी एओएसपीचीच सिस्टीम. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड नावाची तशीच सिस्टीम बंद पडली, तिच्या राखेतून हे उभं राहिलं आणि अजून टिकून आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी फोनना मी नवं अँड्रॉइड घातलंय. भवितव्य विचाराल तर ते इथे आहे, पन्नास हजारांच्या फोनात नाही.

सावित्री_म

मोडतोड, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. लिनिएज टाकल्यावर बहुतेक फोनचा बूटलोडर उघडाच राहतो. फोन कुणाच्या हाती लागला तर त्यात काहीही घुसवता येतं. मोडेमचे, चिपचे अपडेट कंपनीने बंद केले असतील तर लिनिएजही ते आणू शकत नाही. जुना फोन वाचवणं वेगळं, पाळतीपासून वाचणं वेगळं. मी ज्या लोकांबरोबर काम करते त्यांना दुसरी गोष्ट लागते. पेगासस (फोनवर पाळत ठेवणारं स्पायवेअर) प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, त्यातल्या पाचांत मालवेअर सापडलं. ते पेगाससच होतं असं सिद्ध झालं नाही हे खरं, पण पाच फोनांत कुणीतरी शिरलं होतं की नाही?

मोडतोड

ताई, मान्य. पण माझ्या गिऱ्हाइकावर पेगासस कोण सोडणार? त्याच्यावर उधारी वसूल करणारं लोन ॲप सुटलेलं असतं. कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन करून अब्रू काढतं. ते अडवायला नवं अँड्रॉइड आणि नीट परवानग्या पुरतात.

तिरकस

आपली आयआयटी मद्रासमधली देशी सिस्टीम, भारओएस, कुठे गेली मग? जानेवारी २०२३ मध्ये मंत्र्यांनी व्हिडिओ कॉल करून दाखवला होता. त्यावरून कॉल करणारा तिसरा माणूस मला अजून भेटायचाय.

ऱ्हाइनकाठची

इथे जर्मनीत जरा निराळं चित्र आहे. फेअरफोन नावाच्या फोनवर ई-ओएस ही गुगलशिवायची सिस्टीम आधीच टाकून मिळते, माझ्या साठीतल्या शेजारणीकडे आहे. तिला बूटलोडर म्हणजे काय ते ठाऊकही नाही. फोन दुकानातून तयार मिळाला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. ग्राफीनचे लोक ई-ओएसवर टीका करतात, अपडेट उशिरा येतात म्हणून. त्यात तथ्यही आहे. पण तिने जाहिरातींचा माग तोडला, तिला तेवढंच हवं होतं.

मला जास्त काळजी माणसांची वाटते. कॅलिक्सओएस या तशाच सिस्टीमचं चांगलं चाललेलं काम ऑगस्ट २०२५ मध्ये थांबलं. प्रमुख माणसं बाहेर पडली, आणि वापरणाऱ्यांना सांगावं लागलं की सध्या दुसरं काहीतरी वापरा. एवढी मोठी गोष्ट चार-पाच जणांच्या खांद्यावर उभी असते.

निळी शाई

त्यात गुगलचीही भर आहे. मार्च २०२५ मध्ये त्यांनी एओएसपीचं सगळं काम बंद दाराआड नेलं. जूनमध्ये अँड्रॉइड १६ आलं, तेव्हा पिक्सेलवर सिस्टीम बसवायला लागणाऱ्या फायली सोबत दिल्याच नाहीत. आता तर ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने गुगलकडे ओळख पटवायची. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, २०२७ पासून बाकीच्यांचा नंबर. सगळीकडून गळचेपी.

सावित्री_म

एक दुरुस्ती. तो ओळखीचा नियम गुगलचा शिक्का असलेल्या फोनांसाठी आहे. ग्राफीनवर तो लागूच होत नाही. फटका एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानाला आहे, कारण त्याचे बहुतेक वापरकर्ते साध्या फोनांवर आहेत. खुली ॲप लिहिणारे कमी झाले की तुमच्याकडे सिस्टीम राहील आणि त्यावर टाकायला काही नसेल. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी पळवाट ठेवू असं गुगल म्हणालं, पण ती किती अरुंद असेल ते त्यांच्याच हातात.

बँकबाबू

आणि मी इथे गुगलच्या बाजूने आहे, नोंद करा. निनावी एपीके बंद झाल्या तर माझ्या काउंटरवरची रांग अर्धी होईल.

सावित्री_म

होईल की नाही माहीत नाही, पण तुमचा राग समजतो. एवढंच करा, चाव्यांच्या यादीबद्दल व्हेंडरला एकदा विचारा तरी.

बँकबाबू

विचारतो. अपेक्षा ठेवू नका.

तिरकस

निळी शाई, तोवर तुमचे व्यवहार कसे चाललेत?

निळी शाई

बायकोचा जुना फोन ड्रॉवरमध्ये होता. त्यात फक्त बँक. शेवटचा अपडेट २०२१ चा, स्क्रीनला तडा, चार्जर तिरका धरला तरच लागतो. ॲप पहिल्या झटक्यात उघडलं.

बँकबाबू

चार दिवसांनी लिहितोय. व्हेंडरला सविस्तर मेल टाकला होता, ॲटेस्टेशनच्या माहितीसकट. आज उत्तर आलं: "कृपया ग्राहकास अधिकृत उपकरण वापरण्यास सांगावे." खाली तिकीट बंद. मी पुन्हा उघडलंय.