मदत हवी आहे: क्रॉयडनच्या जुन्या फोटोतलं विमान नेमकं कोणतं?

अल्बममध्ये चिकटवलेला एक कृष्णधवल फोटो आहे. मागे लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळाची १९२८ मधली टर्मिनल इमारत आणि तिचा चौकोनी मनोरा स्पष्ट ओळखू येतो. पुढे दुपंखी, चार इंजिनांचं विमान आहे: दोन इंजिनं वरच्या पंखावर, दोन खालच्या, शेपटीला तीन उभी पाती (फिन). म्हणजे इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचं हँडली पेज एचपी ४२, यात मला शंका नाही.

अंगावरची नोंदणीची अक्षरं 'जी-एएएक्स' इथपर्यंत वाचता येतात, शेवटचं अक्षर नेमकं एका हमालाच्या डोक्याआड गेलंय! त्यामुळे या प्रकारच्या विमानांपैकी हेराक्लीस, होरेशियस, हेंगिस्ट आणि हेलेना अशी चारच नावं उरतात. नाकावरचं नाव सावलीत बुडालंय. १२०० डीपीआयला स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला, इमेज सर्चही केला. हाच फोटो कुठे सापडला नाही. फोटो सोडवला तर फाटेल, म्हणून मागची बाजू पाहता येत नाही.

हेंगिस्ट पुढे पूर्वेकडच्या मार्गांसाठी बदललं गेलं, त्यामुळे ते कदाचित वेगळं काढता येईल. पण बाकीच्या तिघांत खिडक्या, रंगकाम किंवा अक्षरांची जागा असा डोळ्यांना दिसणारा काही फरक होता का?