मदत हवी आहे: ७२० अंशांचा गुळगुळीत शंकू आणि रीस ट्रान्सफॉर्म, पी = ४

नाशिकच्या आमच्या रविवारच्या वाचनगटात एक उदाहरण अडलंय. प्रश्न रीस ट्रान्सफॉर्मचा, म्हणजे ∇Δ^(−१/२) या ऑपरेटरचा: तो कोणत्या पी > १ साठी एल^पी वर बाउंडेड? प्रतलावर मेट्रिक घ्या: (१ + |झेड|²)|डीझेड|². दूरवर हा ७२० अंश कोनाचा शंकू, टोक मात्र गुळगुळीत. गाउस वक्रता −२/(१ + |झेड|²)³, सगळीकडे ऋण. तेव्हा बाक्रींचा १९८७ चा निकाल (रिची वक्रता ऋण नसेल तर सगळ्या पी ला बाउंडेड) सुचवू नका, तो इथे लागत नाही.

डबलिंग (त्रिज्या दुप्पट केल्यास चकतीचं क्षेत्रफळ ठरावीक पटीतच वाढतं) आणि प्वांकारे असमानता (फलनाचा सरासरीपासूनचा फरक ग्रेडियंटने आवरतो) आहेत, म्हणून हीट कर्नलचे (उष्णता समीकरणाच्या मूलभूत उकलीचे) ली-याउ अंदाज, म्हणजे दोन्ही बाजूंचे गाउसियन अंदाज, मिळतात. १ पेक्षा मोठ्या, २ पर्यंतच्या पी चं काम कूलों-ड्युओंगने (१९९९) होतं. वरचा अडथळा म्हणजे झेडचा वास्तव भाग: तो हार्मोनिक आहे आणि त्याचा ग्रेडियंट (१ + |झेड|²)^(−१/२), म्हणजे टोकापासून आर अंतरावर साधारण आर^(−१/२). म्हणून पी < ४ ला ऑपरेटर बाउंडेड, पी ≥ ४ ला नाही.

आता नेमकं पी = ४. एक्स टोकाकडे आतला, वाय बाहेरचा असेल (|एक्स|, |वाय| म्हणजे टोकापासूनची अंतरं) तर रीस ट्रान्सफॉर्मचा कर्नल |एक्स|^(−१/२)|वाय|^(−३/२) सारखा वागतो. त्यावरून वीक टाइप (४,४), म्हणजे एल^४ ते एल(४,∞) हा अंदाज, जातो, पण लॉरेंट्झ (एल^४ चे बारीक फरक मोजणारी स्पेस) एल(४,१) ते एल(४,∞) टिकतो. मेट्रिक रेडियल असल्याने मोड (कोनातले फूरिये घटक) सुटे होतात, हे सगळं हातानेच निघतं.

गाडी अडते ती मेट्रिक एका कॉम्पॅक्ट भागात नॉन-रेडियल बदलल्यावर. मोड मिसळतात, आणि दोन मितींत रिझॉल्व्हंटच्या, म्हणजे (Δ + के²)^(−१) च्या, शून्य-ऊर्जा विस्तारात (के → ०) लॉग पदं येतात. (तीन किंवा जास्त मितींचे निकाल नकोत, तिथे हे दुखणंच नाही.) पहिलं लॉग पद स्थिरांकावर बसतं, ग्रेडियंटने मरतं. पुढच्या पदांतला लॉग |एक्स|^(−१/२) च्या पदाला चिकटून एल(४,१) चा अंदाज बिघडवू शकतो का, की कॉन्फॉर्मल बदलामुळे तो आपोआप टळतो?