मदत हवी आहे: खाण कंपनीचे डीलिस्टिंग, मतदानापूर्वी कोणती माहिती मागता येते?

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहतो. सासऱ्यांनी नोकरीत असताना घेतलेले एका खाण कंपनीचे शेअर आता सासूबाईंच्या डीमॅट खात्यात आहेत. कंपनीच्या प्रवर्तकांनी शेअर बाजारातून बाहेर पडण्याचा प्रस्ताव मांडला असून टपाली मतदानाची नोटीस नुकतीच आली आहे. सासूबाईंचे मत ऑनलाइन मीच नोंदवणार असल्याने विचारतो.

प्रवर्तकांनी निश्चित किमतीची पद्धत निवडली आहे. बाजार नियामक सेबीने २०२४ मध्ये खुल्या केलेल्या या मार्गाने, नियमांनुसार काढलेल्या किमान किमतीपेक्षा निदान १५ टक्के अधिक देऊ केले की पुरते, भागधारकांकडून किमतीची बोली मागवावी लागत नाही. २०२० मध्ये वेदांताच्या प्रस्तावात एलआयसीने ३२० रुपयांची बोली लावली होती, तेव्हा किमान किंमत ८७ रुपये २५ पैसे होती, आणि प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांच्या टप्प्यापर्यंत न पोचल्यामुळे तो प्रस्ताव फसला. निश्चित किमतीत असे काही सुचवण्याची सोयच नाही. शेअर द्यायचे किंवा नाही द्यायचे, एवढेच आपल्या हाती उरते.

माझी खरी शंका किमान किमतीच्या आधाराविषयी आहे. तिच्या निकषांत बाजारभावाची सरासरी आणि समायोजित पुस्तकी मूल्य (हिशेबातील मालमत्ता वजा देणी, काही दुरुस्त्यांसह) येते. पण खाणीची खरी किंमत भाडेपट्ट्याची मुदत संपेपर्यंत किती खनिज काढता येईल यावर ठरते, आणि हिशेबाच्या वहीत खाण बहुधा केलेल्या खर्चाएवढीच दिसते. पूर्वी वार्षिक अहवालात खाणीनुसार साठा छापत असत. ताज्या अहवालात सगळ्या खाणींची एकच बेरीज आहे. याउलट, खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मान्य केल्यामुळे येऊ शकणाऱ्या बोजाचे वर्णन नोटिशीत दीड पान आहे. बोजा एवढ्या तपशिलाने मांडता येतो, तर साठाही मांडता यायला हवा.

मूल्यांकनाचा अहवाल आणि खाणीनिहाय साठा मागण्याचा अधिकार साध्या भागधारकाला आहे का? असल्यास पत्र कोणाला लिहावे?

प्रतिसाद

कंपनी कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे नोटिशीसोबतच्या स्पष्टीकरणात्मक निवेदनात ज्या दस्तऐवजाचा उल्लेख आहे, तो कोठे व केव्हा पाहता येईल हे त्याच निवेदनात सांगावे लागते. म्हणून मूल्यांकन अहवालाचा उल्लेख तेथे आहे का, हे आधी पाहा. असेल तर कंपनी सचिवांना ईमेल करून तो पाहायला मागा, आणि त्याच ईमेलमध्ये प्रत्येक खाणीचा भाडेपट्टा कधी संपतो व मंजूर खाण आराखड्यात किती साठा दाखवला आहे, हे विचारा. हे आराखडे कायद्याने आवश्यक असल्याने ही आकडेवारी कंपनीपाशी असणारच. साठ्याचा तपशील देण्यास मात्र त्यांना कलम १०२ भाग पाडेलच असे नाही. नकार आला तर तोही लेखी घ्या.

तक्रार सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर करता येते, पण उत्तरासाठी कंपनीला २१ दिवस मिळतात आणि टपाली मतदान साधारण ३० दिवसांत आटोपते. तेव्हा पत्र आजच पाठवा. मतदानाचे म्हणाल, तर प्रवर्तकांखेरीज इतरांची अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या निदान दुप्पट असल्याशिवाय ठराव मंजूर होत नाही, म्हणजे विरोधातल्या प्रत्येक मताची भरपाई करायला त्यांना दोन मते लागतात. किरकोळ भागधारकाचे मत इतके वजनदार सहसा नसते. पुढे स्वतंत्र संचालकांच्या समितीला प्रस्तावाविषयी सकारण शिफारस प्रसिद्ध करावी लागेल. तिच्यात साठ्याचा विचार झाला आहे का, हे अवश्य वाचा.

धागाकर्ता

आभार. अहवालाचा उल्लेख नोटिशीत आहे, पण तो फक्त नोंदणीकृत कार्यालयात, कामाच्या वेळेत पाहता येईल असे लिहिले आहे, आणि ते कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे. सासूबाईंचे वय पाहता तेथे जाणे शक्य नाही. ईमेलने प्रत मागितल्यावर कंपन्या देतात असा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सांगावा; तोवर मत नोंदवत नाही.

प्रतिसाद

देतात, पण मागणाऱ्याचा डीमॅट क्रमांक आणि सही असेल तरच. पत्र सासूबाईंच्या नावानेच पाठवा, त्यांच्या नोंदणीकृत ईमेलवरून. आणि प्रस्ताव मंजूर झाला तरी घाई करू नका: डीलिस्टिंगनंतर निदान एक वर्ष त्याच किमतीने शेअर देण्याची मुभा राहते.