छोटे खिशातले व्हिडिओ कॅमेरे वर्गात कसे वापरायचे?

सातवी_ब
नमस्कार मंडळी, शाळेच्या कपाटात काही जुने फ्लिप कॅमेरे पडून होते ते मला वर्गात वापरायला मिळालेत. लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद, बाजूने यूएसबी बाहेर येतं, बाकी काही भानगड नाही. मुलांना मोबाईल आणायची परवानगी नाही त्यामुळे मला हे फारच उपयोगी वाटतायत. पण "प्रयोगाचं शूटिंग करा" म्हटलं की मुलं बटण दाबून ठेवून देतात, मग एवढं सगळं बघायला ना त्यांना वेळ ना मला. आणि आवाज इतका खोल येतो की कोण काय बोललं कळतच नाही. कोणी नियमित वापरलेत का हे?

भिंगरी
वापरते, आणि मनापासून सांगते, सोडू नका. फक्त प्रयोगाचं नाही तर मुलांच्या बोलण्याचं शूटिंग करा. एका क्लिपला एक मिनिट, आणि त्यात एकच गोष्ट सांगायची, "असं का झालं असं तुला वाटतं". बर्फ घातलेल्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तो धडा झाल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने पेपरात "संघनन" (हवेतल्या वाफेचं पाणी होणं) असं बरोब्बर लिहिलं होतं, पण कॅमेऱ्यासमोर मैत्रिणीला समजावताना ती ग्लासावर बोट फिरवत म्हणाली की काचेला बारीक भोकं असतात त्यातून पाणी झिरपतं!! पेपर तपासून हे मला कधीच कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्यात रंग घालून परत ठेवलं, बाहेरचे थेंब बिनरंगी आले, मग वर्गात जी चर्चा झाली ती खरी शिकवणी.
आणि क्लिप त्याच तासाला बघायची, उद्यावर ढकललं की राहूनच जातं.

लंबक
भिंगरी ताईंशी सहमत, पण प्रयोगाचं शूटिंगही टाकाऊ नाही हो. हे कॅमेरे सेकंदाला साधारण ३० फ्रेम घेतात. भिंतीला मोजपट्टी उभी चिकटवा, कॅमेरा टेबलावर पक्का ठेवा (फ्लिपच्या बुडाला ट्रायपॉडचा आटा असतो, नाहीतर पुस्तकांचा ढीग चालतो) आणि पट्टीला अगदी लागून चेंडू सोडा. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ई दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि दर तिसऱ्या फ्रेमला चेंडू कुठे आहे ते मुलांना लिहायला सांगा. साधारण ५ सेंमी, मग २०, मग ४४ असं येतं म्हणजे १, ४, ९ च्या पटीत, आणि हे मुलं स्वतः शोधतात. फ्रेम थोडी पुसट दिसते, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच, त्यावरही बोलायला हवं.

वायरमन
आवाजाबद्दल: फ्लिपला बाहेरचा माइक जोडता येत नाही, कोडॅकच्या झेडआय८ कॅमेऱ्याला येतो. म्हणून कॅमेरा बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद, आणि जमल्यास वर्गाबाहेर व्हरांड्यात. फार जवळ पण नेऊ नका, फोकस फिक्स असतो त्यामुळे वहीतली अक्षरं धूसर येतात.
फ्लिपचं उत्पादन सिस्को कंपनीने २०११ मध्येच बंद केलं, सोबतच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. कॅमेरा पेनड्राइव्हसारखा उघडतो, फाइल कॉपी करा आणि मोकळं व्हा. एचडी मॉडेल असेल तर ८ जीबीत साधारण २ तास बसतात म्हणजे मिनिटाला ६५ एमबीच्या आसपास, जुन्या कॉम्प्युटरवर हे लवकर भरतं.

खडूफळा
माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, एक कॅमेरा स्वतःकडेही लावा ताई. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन (छोटासा पाठ घेऊन एकेक कौशल्य घोटायचा सराव) केलंय ना आपण सगळ्यांनी, ते स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात सुरू झालं तेव्हापासून व्हिडिओ त्याचा भाग होता. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो ते मोजून बघा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण संशोधिकेने हेच अभ्यासलं होतं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि ३ सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. हे वाचून पटत नाही, स्वतःला बघितलं की पटतं.

सातवी_ब
खूपच मदत झाली सगळ्यांची!! रंगाच्या पाण्याचा प्रयोग या आठवड्यातच करते. एक राहिलं, पालकांना काय सांगता? आणि जी मुलं कॅमेऱ्यासमोर अजिबात येत नाहीत त्यांचं काय?

भिंगरी
सुरुवातीलाच लेखी परवानगी घेते, त्यात स्पष्ट लिहिते की क्लिप वर्गातच बघितली जाईल, कुठेही टाकली जाणार नाही आणि सत्र संपलं की डिलीट. एवढं लिहिल्यावर बहुतेक पालक हो म्हणतात, जे नाही म्हणतात त्यांच्या मुलांकडे कॅमेरा धरायचं काम. लाजरी मुलं असतील तर चेहरा घ्यायचाच नाही, फक्त हात आणि टेबलावरचं साहित्य दिसेल असं धरायचं, आवाज येतो तेवढा पुरे. माझ्या वर्गात आता चेहऱ्याचा हट्ट कोणाचाच नसतो, हातांच्याच क्लिपा जास्त असतात.