टिप्परच्या जमान्यातला ग्रीसचा डबा: वापरू की फेकू?

डिचोलीचा_जीपवाला
मंडळी घरात दोन पार्ट्या पडल्यात म्हणून इथे टाकतोय. बाबांचे दोन टिप्पर होते गोव्यातल्या मायनिंगला लावलेले, २०१२ ला खाणी बंद पडल्या, टिप्पर बरेच दिवस दारात उभे राहिले आणि मग मिळेल त्या भावाला गेले, पण त्यांचं सटरफटर सामान अजून मागच्या पडवीत आहे. चवथ (गणेश चतुर्थी) आली म्हणून परवा साफसफाई काढली तर पाच किलोचा ग्रीसचा डबा मिळाला, अर्ध्याहून जास्त भरलेला. वर बोटभर तेल सुटलंय, खाली पिवळट तपकिरी ग्रीस, लेबल गंजाने खाल्लंय, 'लिथियम' आणि 'ग्रेड ३' एवढंच वाचता येतं. बाबा म्हणतात ग्रीस म्हणजे काय दूध आहे नासायला? जीपच्या पुढच्या चाकांना घाल, फाटकाला घाल, पंख्याला घाल. बायको म्हणते डबा आधी घराबाहेर काढा. माझं मत बाबांच्या बाजूने, एवढं तीन किलो ग्रीस फेकवत नाही हो.

लेथवर_पोट
फेकू नका. वर तेल सुटलं म्हणजे ग्रीस मेलं असं नाही. ग्रीस म्हणजे काय तर साबणात अडकवून ठेवलेलं तेल, स्पंजात पाणी असतं तसं, डब्यात ८०-९० टक्के तेलच असतं. डबा वर्षानुवर्षं एका जागी पडला की थोडं तेल वर येणारच. स्वच्छ काठीने ढवळा, परत मिसळलं आणि लोण्यासारखं झालं तर चालतंय. ढवळूनही खाली मेणासारखं कडक राहिलं, भुसभुशीत तुकडे पडले, तर मात्र साबण उरलाय आणि तेल गेलंय, ते कामाचं नाही. वास पण घ्या. आंबूस, जळकट वास आला की तेलाचं ऑक्सिडेशन झालंय, म्हणजे हवा लागून ते खराब झालंय. आमच्या शेडमध्ये याहून जुनं वापरलंय.

फुकटचं_महाग
लेथवाले भाऊ शेडमध्ये काय वापरता ते तुम्ही बघा, पण त्यांना चाकाला घालायला सांगू नका. बहुतेक कंपन्या बंद डब्याला तीन ते पाच वर्षं मुदत देतात, आणि हा डबा तर उघडलेला, तोही गोव्याच्या पावसात पडवीत! दोन माणसं फिश थाळी खाऊन उठली की जेवढे पैसे होतात तेवढ्यात अर्धा किलो नवीन ग्रीस मिळतं. त्यासाठी बेअरिंग, हब, मजुरी आणि स्वतःचा जीव पणाला लावायचा? चोर्ला घाट उतरताना चाकातला ब्रेकचा ड्रम किती तापतो ते हात लावून बघा एकदा (लावू नका खरं तर). ग्रीस एकदा ७०-८० डिग्रीच्या वर गेलं की पुढच्या दर १० डिग्रीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, आणि तुमच्याकडे आधीच म्हातारं झालेलं ग्रीस.

काटकसरी_काकू
चाकांचं तुम्ही बाप्ये बघा, मी घरचं सांगते. फाटकाच्या बिजागऱ्या, शटरची पट्टी, कोयत्या-पिकासाचं लोखंड, पंपाचे नटबोल्ट, याला जुनं ग्रीस बिनधास्त लावा. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने लोखंड नुसतं गंज पितं, तिथे जाड थर हवा असतो, ग्रेड बघत कोण बसतंय. आमची सासू बिजागऱ्यांना खोबरेल लावायची, आठ दिवसांत खवट वास आणि मुंग्यांची रांग, पुढे धूळ बसून दार आणखीनच कुरकुरायचं. फक्त विहिरीच्या रहाटाला लावू नको बाबा, तेल सुटून प्यायच्या पाण्यात ठिबकतं. आणि कुलुपात तर अजिबात नको, धूळ धरून कुलूप जाम होतं, तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकायची.

हरमलचा_होडीवाला
काकूंशी सहमत, पण एक सांगतो. समुद्राजवळ लिथियमपेक्षा कॅल्शियम ग्रीस पाण्यात जास्त टिकतं, आमच्या दोर ओढायच्या विंचला आम्ही तेच घालतो. उष्णतेला मात्र साधं कॅल्शियम कच्चं, चाकात चालणार नाही.

लेथवर_पोट
@फुकटचं_महाग अहो तारीख म्हणजे पंचांगातला मुहूर्त आहे का, एक दिवस हुकला की संपलं? कंपनी मुदत देते ती तिच्या जबाबदारीपुरती. मुदत संपलेलं ग्रीस आम्ही हाताने बघतो, तळहातावर घासतो, कागदावर पसरतो. नजरेला ठीक असेल तर जीपच्या स्प्रिंगच्या शॅकलला (स्प्रिंग टांगलेल्या कडीला), स्टीअरिंगच्या निपलला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याला) ग्रीस गनने मारा, बिनधास्त. चाकाच्या बेअरिंगला मी पण नवीनच घालीन, ते मान्य. पण सगळा डबा फेका म्हणणं म्हणजे उंदीर झाला म्हणून घर जाळणं.

फुकटचं_महाग
मी सगळा फेका म्हटलंच नाही, वाचा परत. आणि क्रॉसला मारा हे पण इतकं सोपं नाही. आधी आत कुठलं ग्रीस होतं? लिथियम आणि पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीवालं ग्रीस एकत्र आलं तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातं, त्यांचं एकमेकांशी जमत नाही. चांगली दोन ग्रीसं मिसळून बेअरिंग घालवलेला मी आहे, दुसऱ्या कोणाचं नाही स्वतःच्याच मोटारीचं सांगतोय. शिवाय मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही. डबा मायनिंगच्या टिप्परचा आहे. त्या काळात डिचोली-साखळीच्या रस्त्यावर दात घासले तरी खनिज लागायचं तोंडात. डबा उघडायचा, काठी किंवा हात त्यातच घालायचा, झाकण कुठेतरी लवंडलेलं. लोहखनिजाची पूड आत असली तर ते ग्रीस राहिलंच नाही, ते पॉलिशपेपर झालं!!

लेथवर_पोट
…हा मुद्दा बरोबर आहे. धुळीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. जीपवाले, पांढऱ्या कागदावर चिमूटभर पातळ पसरा आणि दोन काचांमध्ये दाबून फिरवा, कचकच आली तर कुठल्याच बेअरिंगला नको, क्रॉसला पण नको.

पंखा_फिरतो_मी_बघतो
बाबांना सांगा सीलिंग फॅनला ग्रीस घालायचं कुठून? आतली बेअरिंगं बहुतेक दोन्ही बाजूंनी बंद असतात, ६२०१ आणि ६२०२ असे नंबर असतात, आवाज यायला लागला की काढून नवीनच टाकायची. वरून ग्रीस चोपडलं तर पंखा तेच भिंतीवर फेकतो, आमच्या हॉलच्या भिंतीवर अजून ठिपके आहेत, गेस्ट विचारतात डिझाईन आहे का. कारचं पण तेच, नवीन गाड्यांच्या हबची बेअरिंगं सीलबंद येतात. आणि डिस्क ब्रेकच्या पिनांना हे साधं ग्रीस चुकून पण लावू नका, रबर फुगतं आणि कॅलिपर (ब्रेक दाबणारा चिमटा) अडकतो, त्याला वेगळं सिलिकॉनचं ग्रीस असतं.

डिचोलीचा_जीपवाला
अपडेट. काल केलं सगळं. तेल ढवळलं तर बरंचसं मिसळलं, वास नेहमीचाच, आंबूस नाही. चमच्यावर थोडं गरम केलं, तडतडलं नाही म्हणजे पाणी नसावं. मी खूश, बाबा तर विजयी मुद्रेत खुर्चीत. मग काचा. वरच्या थरात कचकच, आणि कागदावर लालसर कण, अगदी साखळीच्या रस्त्याचाच रंग. वरचा चार बोटं थर खरवडून वेगळा काढला, खालचं परत काचेत फिरवलं, ते मऊ आलं. पण मन धजलं नाही, चाकांसाठी नवीन डबा आणला, बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, पूर्ण सुकवली आणि तळहाताने दाबून दाबून भरली. बाबांना डबा दिसू नये म्हणून पिशवीत आणला होता तरी दिसला. म्हणाले, आमचे टिप्पर याच ग्रीसवर दिवसाला इतक्या खेपा मारायचे. मी म्हटलं बाबा तेव्हा ते ताजं होतं. त्यावर उत्तर नाही, फक्त चष्मा पुसला.

खालचं स्वच्छ ग्रीस फाटकाला, पंपाच्या बोल्टांना आणि स्प्रिंगच्या शॅकलला जाईल. वरच्या लाल थराचं काय करू? गटारात तर टाकणार नाही.

काटकसरी_काकू
मातीत पण पुरू नको, पहिल्या पावसात विहिरीकडे जातं. घट्ट झाकणाच्या जुन्या डब्यात भर आणि जे गॅरेज जळकं तेल गोळा करणाऱ्याला देतं त्यांना विचारून दे.

फुकटचं_महाग
शॅकलला चालेल, हरलो. क्रॉसला नको म्हणजे नको.

लेथवर_पोट
क्रॉसला खालचं मऊ आलेलं चाललं असतं :) पण जीप तुमची.

डिचोलीचा_जीपवाला
क्रॉसला नवीनच मारलं, भांडू नका. देव बरें करूं सगळ्यांना. फाटक आता इतकं गुपचूप उघडतं की रात्री उशिरा आलो तर बायकोला कळत नाही, कुत्र्याला कळतं.